प्रवेशाआधी वर्कशॉप बघा

आयटीआयच्या सुधारित अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे गणित असे मांडलेले आहे: प्रात्यक्षिकाला ८४० तास, ट्रेडच्या थिअरीला २४०, रोजगार कौशल्यांना १२०. मिळून १,२००. शिवाय १५० तास जवळच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाचे, आणि तशी सोय नसेल तर गटाने करायच्या प्रकल्पाचे. कागदावर सगळे चोख आहे. आता टर्नरच्या वीस मुलांच्या तुकडीला एकच चालू सीएनसी मशीन आहे असे धरा. वर्षभर दुसरे काहीही शिकवले नाही तरी प्रत्येकाच्या वाट्याला त्या मशीनचे ४२ तास येतात. पण फाइलिंग, ड्रिलिंग, आटे पाडणे, मापे घेणे हेही त्याच ८४० तासांत बसवायचे असते. म्हणजे खरा आकडा ४२ च्या बराच खाली जातो, आणि मशीन बिघडून ताडपत्रीखाली असेल तर तो शून्य होतो.

दहावीचा निकाल लागला की घरोघरी जी चर्चा होते, तीत या आकड्याला जागा नसते. कोणत्या ट्रेडला ‘स्कोप’ आहे, कोणता ‘जुना झाला’, शेजारच्यांच्या मुलाने काय घेतले, यावर फॉर्ममधले पसंतीक्रम ठरतात. राज्यात सरकारी आयटीआय चारशेहून अधिक आहेत, खासगी संस्था वेगळ्या. त्यांच्यातला फरक ट्रेडच्या नावात दिसत नाही. तो वर्कशॉपमध्ये दिसतो, आणि तिथे प्रवेशाआधी पाऊल टाकणारे पालक फार थोडे.

म्हणून पहिला सल्ला साधा आहे. पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या संस्थेत कामाच्या दिवशी, सकाळच्या पाळीत जा. उद्घाटनाला किंवा मेळाव्याला जाऊन उपयोग नाही. त्या दिवशी मशीन पुसलेली आणि मुले इस्त्रीत असतात. एरवीच्या दिवशी लेथखाली ताजा कीस पडलेला आहे का, ते बघा. वेल्डिंगच्या केबिनमध्ये जळक्या इलेक्ट्रोडचे तुकडे आहेत का? इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमधले वायरिंग बोर्ड मुलांनी पुन्हा पुन्हा खोलून जोडलेले दिसतात, की काचेच्या कपाटात मांडलेले आहेत? कीस, तुकडे आणि भंगार यांवरून संस्थेची जेवढी माहिती मिळते, तेवढी माहितीपत्रकातून मिळत नाही. कच्चा माल आणि टूल बिट्स यांचे पैसे वेळेवर येत नसतील तर उत्तम मशीनही शोभेचे होते, आणि अशी शोभा अनेक ठिकाणी आहे.

दुसरी चौकशी शिल्पनिदेशकांची. त्या ट्रेडचे निदेशक कायम आहेत की तासिका तत्त्वावर आहेत, आणि वर्षाच्या मध्यात बदलतात का, हे बाहेर पडणाऱ्या मुलांना विचारा. ती खरे सांगतात. निदेशकांसाठीही स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. वर्षभराच्या त्या शिल्पनिदेशक प्रशिक्षणाची मुंबईतली सोय चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत आहे. हे प्रशिक्षण घेतलेला आणि त्याआधी दोन-चार वर्षे कारखान्यात काढलेला निदेशक जिथे असेल, तिथे इमारतीला पोपडे आले असले तरी मुलगा घालावा.

तिसरी गोष्ट संलग्नतेची. संस्थेचे नाव मोठे असले तरी आपण घेत असलेल्या ट्रेडचे ते विशिष्ट युनिट संलग्न आहे का, आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळणार की संस्थेचे स्वतःचे, हे लेखी विचारावे. रेल्वे किंवा महावितरणमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून अर्ज करताना हा फरक एकदम समोर येतो. तोवर फी भरून दोन वर्षे झालेली असतात.

ट्रेड निवडताना नव्या नावांची भुरळ पडते, हे स्वाभाविकच आहे. ड्रोन टेक्निशियन, सोलर टेक्निशियन, इलेक्ट्रिक वाहनांचा मेकॅनिक, स्मार्ट सिटीसाठी आयओटी टेक्निशियन, इंडस्ट्रियल रोबोटिक्स असे ट्रेड आता यादीत आहेत. यातले काही खरोखर चांगले आहेत. पण रोबोटिक्सच्या वर्कशॉपमध्ये रोबोच नसेल तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. शिवाय यातले काही अभ्यासक्रम सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे आहेत. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट उघडते. छोट्या अभ्यासक्रमाने ती उघडत नाही. पुढे शिकण्याचा थोडा जरी विचार असेल तर हा हिशेब आधी करावा.

इथे एक मत स्पष्टच मांडायला हवे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी पाया जुन्या ट्रेडचा आणि त्यावरचा थर नव्या तंत्राचा, ही जोडणी सर्वांत टिकाऊ आहे. इलेक्ट्रिशियनचेच उदाहरण घ्या. अर्थिंग, मोटर कंट्रोल, केबलची निवड आणि मीटरने दोष शोधणे एवढे ज्याला पक्के येते, त्याला तीन महिन्यांत सौर पॅनेलची उभारणी शिकता येते. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र हा ६०० तासांचा निवासी अभ्यासक्रम नेमका याच गटासाठी आखलेला आहे. छपरावर ओळीने जोडलेल्या पॅनेलचा डीसी दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी स्वतःहून विझत नाही. पाया कच्चा असलेल्या माणसाच्या हाती हे काम देणे धोक्याचेच. तोच इलेक्ट्रिशियन पीएलसी, म्हणजे यंत्रे आपोआप चालवणारा प्रोग्रॅमेबल नियंत्रक, शिकला की पॅकेजिंगच्या कारखान्यात देखभाल विभागात जातो. बॅटरी आणि चार्जरचे काम शिकला की इलेक्ट्रिक रिक्षांच्या वर्कशॉपमध्ये जातो. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा वायरमन परवाना घेतला तर स्वतःची कामेही घेऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे आणि महाराष्ट्रात सौर कृषिपंपांची संख्या वाढतेच आहे. हे सगळे बसवायला जेवढी माणसे लागतात, त्याहून जास्त ते पुढची वीस वर्षे चालू ठेवायला लागणार आहेत.

फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट यांचेही तेच. भोसरी, वाळूज, अंबड किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत फिरले तर फाटकावर ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ अशी पाटी दिसते. पण ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारात मोठी दरी असते. ऑपरेटर तुकडा लावतो आणि बटण दाबतो. सेटर ड्रॉइंग वाचतो, टूल ठरवतो, ऑफसेट देतो आणि माप मायक्रॉनने सरकले तर का सरकले ते शोधतो. ही दरी ओलांडायला लागणारे ज्ञान बरेचसे हाती चालवायच्या लेथवर आणि मायक्रोमीटर हातात धरूनच येते. साधा लेथ ‘जुना’ म्हणून ज्या संस्थेने कोपऱ्यात ढकलला, तिने आपल्या मुलांना आयुष्यभरासाठी ऑपरेटर केले असे समजावे.

कोपाबद्दल, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंटबद्दल, थोडे सावध राहायला हवे. वर्षभराचा हा ट्रेड लोकप्रिय आहे, स्वच्छ आहे, मुलींची त्याला मोठी पसंती असते. कार्यालयीन कामासाठी तो पुरतो. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी तो पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. २००१ पासून लाखो लोकांना संगणकाशी ओळख करून देणाऱ्या एमएस-सीआयटीचेही असेच: ती साक्षरता आहे, व्यवसाय नाही. ज्यांना हार्डवेअर आणि नेटवर्किंगची आवड आहे त्यांनी माहिती तंत्रज्ञान प्रणालीच्या देखभालीचा दोन वर्षांचा ट्रेड जवळ कुठे आहे का, ते बघावे.

एवढे झाले तरी अर्धेच झाले. उरलेले अर्धे शिकाऊ उमेदवारीत आहे, आणि खरे घोडे पेंड खाते ते इथे. आयटीआय झाली की लगेच पगार हवा म्हणून बरीच मुले कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागतात. दोन-तीन हजार रुपये जास्त मिळतात आणि हातात झाडू किंवा पॅलेट ट्रक येतो. वर्षाने ती जिथल्या तिथे असतात.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन पात्रतेप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले; करार करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला दर केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर तपासावा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार रुपये, सरकार उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करते. डिप्लोमा आणि पदवीधारकांसाठी वेगळे पोर्टल आहे आणि पश्चिम विभागासाठी त्याचे मंडळ मुंबईत आहे.

करार करताना काय बघावे? करार पोर्टलवर नोंदलेला असलाच पाहिजे. ‘आमच्याकडे पद्धत वेगळी आहे’ असे सांगणाऱ्या कंपनीला नमस्कार करावा, कारण नोंद नसेल तर वर्षाअखेरची परीक्षा नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्रही नाही. करारात ट्रेड कोणता लिहिला आहे ते वाचावे. इलेक्ट्रिशियनला पॅकिंगच्या लाइनवर उभे करणे हा जुना प्रकार आहे. उमेदवाराला कायद्याने कामगाराचा दर्जा नसतो, त्यामुळे कायम होण्याचा हक्कही नसतो. अपघाताच्या भरपाईचा आणि सुरक्षिततेचा हक्क मात्र असतो. आणि रोज संध्याकाळी डायरीत चार ओळी लिहाव्यात: आज कोणते मशीन, कोणता बिघाड, कसा काढला. पुढच्या मुलाखतीत प्रमाणपत्रावर एक नजर टाकतात आणि या डायरीवर अर्धा तास बोलतात.

राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना अनेकांना शिकाऊ उमेदवारीसारखीच वाटते. तिचे विद्यावेतन बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठेवले गेले. कामाची ओळख होण्यासाठी ती ठीक आहे. पण ती ट्रेडची उमेदवारी नव्हे आणि तिच्याने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही. दोन्ही संधी समोर असतील तर तंत्रज्ञ होऊ पाहणाऱ्याने आपल्या ट्रेडची उमेदवारी निवडावी, पैसे थोडे कमी असले तरी.

चांगले प्रशिक्षण कसे असते, हे बघायला जर्मनीला जाण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम घ्या. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा नेहमीच्या डिप्लोमाहून लांब आहे, शेवटचा टप्पा कारखान्यात काढावा लागतो, आणि संस्था स्वतः उद्योगांना साचे व डाय बनवून देते. म्हणजे विद्यार्थी ज्या छताखाली शिकतो, त्याच छताखाली गिऱ्हाइकाचा माल तयार होतो. माप चुकले तर गुण कमी होऊन भागत नाही, तुकडा परत येतो. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने चालत आलेला ऑटोमोटिव्ह मेकाट्रॉनिक्सचा अभ्यासक्रमही याच जातीचा: डिप्लोमा किंवा पदवी झालेल्यांना चालू पिढीच्या गाड्या उघडून शिकायला मिळतात.

पण सर्वांत वेगळे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्तान लिव्हरमध्ये वरच्या हुद्द्यावर संशोधन केलेला हा माणूस दुष्काळी गावात येऊन शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, विजेचे काम, शेती आणि पशुपालन शिकवू लागला. पद्धत अशी की मुलांनी गावाला हवी असलेली कामे करायची: कोणाची शेड, कोणाचे फेरोसिमेंटचे टाके, कोणाच्या पंपाची दुरुस्ती. त्यातून ‘पाबळ डोम’ नावाची स्वस्त घुमटाकार घरे उभी राहिली. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांच्या छोट्या कार्यशाळांपैकी, एक इथे काढली. लेझर कटर आणि गवंड्याची थापी एकाच आवारात आली. आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञान हा विषय राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत पोचला. आठवड्यातून एक दिवस मुले कार्यशाळेत काम करतात. दहावीनंतर कोणता ट्रेड घ्यायचा, याचे उत्तर अशा मुलाला समुपदेशकाकडे शोधावे लागत नाही. आपल्याला धातू आवडतो की तारा, हे त्याला आठवीतच कळलेले असते. ज्यांच्या गावच्या शाळेत हा विषय नाही, त्यांच्या शालेय व्यवस्थापन समितीने तो मागून घ्यावा.

सॉफ्टवेअरच्या बाजूला वर्कशॉप दिसत नाही, म्हणून तिथे फसवणूक सोपी असते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, ‘नोकरी लागल्यावर फी भरा’ अशा जाहिराती शहराच्या प्रत्येक चौकात आहेत. ‘नोकरीनंतर फी’ या नावाखाली काही वेळा विद्यार्थ्याच्या नावावर वित्त कंपनीचे कर्ज काढले जाते. नोकरी लागो न लागो, हप्ते चालू होतात. सही करण्यापूर्वी कागद घरी आणून शांतपणे वाचावा. अभ्यासक्रम राष्ट्रीय अर्हता नोंदणीत आहे का, तेही तपासावे. मागच्या तुकडीतल्या तिघांशी, संस्थेने निवडून दिलेल्या नव्हे तर आपण शोधलेल्या तिघांशी, फोनवर बोलावे.

चांगले नमुने इथेही आहेत. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचा पीजी-डॅक हा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आणि पूर्णवेळ आहे. अभियांत्रिकीनंतरचा आहे, प्रवेशपरीक्षा आहे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत लॅब चालते. चेन्नईच्या झोहो कंपनीने सुमारे वीस वर्षांपूर्वी स्वतःची शाळा काढली. बारावी किंवा डिप्लोमा झालेली मुले घ्यायची, फी न घेता उलट विद्यावेतन द्यायचे आणि पदवीची अट न ठेवता कामावर घ्यायचे, अशी तिची रीत. दोन्हीकडे रोजचा हाताचा सराव हीच मुख्य गोष्ट आहे.

घरी सराव करायचा तर साधने फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथन, लिनक्स, लिब्रेऑफिस यांचे छोटे धडे मराठीतूनही ऐकता येतात. नेटवर्किंगसाठी सिस्कोचा पॅकेट ट्रेसर, ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड, पीएलसीसाठी ओपनपीएलसी यांना एक पैसा लागत नाही. केंद्राच्या भारत स्किल्स पोर्टलवर ट्रेडनिहाय प्रश्नसंच आहेत. एक सवय मात्र मराठी माध्यमाच्या मुलांनी पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी: मशीनचे इंग्रजी मॅन्युअल रोज एक पान वाचणे. मशीन बंद पडल्यावर स्क्रीनवर येणारा अलार्म इंग्रजीतच येतो, आणि तो वाचून पुढे होणारा मुलगा सुपरवायझरच्या लक्षात राहतो.

मुलींच्या पालकांना अजूनही फिटर किंवा मशिनिस्ट हा शब्द खटकतो. त्यांनी टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्याची माहिती घ्यावी. तिथे हॅरियर आणि सफारी गाड्यांच्या जुळणीच्या लाइनवर २०२२ पर्यंत दीड हजार महिला काम करू लागल्या होत्या.

सरकार काही करत नाही, असे म्हणता येणार नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारणेसाठी पाच वर्षांची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली: केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,००० कोटी. ऑक्टोबरमध्ये ती पीएम-सेतू या नावाने सुरू झाली. देशातल्या एक हजार आयटीआय तीत आहेत: दोनशे मुख्य केंद्रे आणि त्यांना जोडलेल्या आठशे संस्था. चांगलेच आहे. पण २००७-०८ पासून १,३९६ आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज देऊन उद्योजकांच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन समित्या नेमल्या होत्याच. जिथे अध्यक्ष महिन्यातून एकदा वर्कशॉपमध्ये येऊन ‘हे मशीन बंद का?’ असे विचारत होता तिथे फरक पडला. जिथे समिती चहापुरती भेटत होती तिथे पडला नाही. नव्या पैशांचेही याहून वेगळे होण्याचे कारण दिसत नाही.

म्हणून शेवटचे मागणे एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांकडे. ‘चांगली मुले मिळत नाहीत’ ही तक्रार त्यांची रोजची आहे, आणि ती खोटी नाही. पण जवळच्या आयटीआयच्या निदेशकाला दिवाळीच्या किंवा मेच्या सुटीत आठ दिवस आपल्या शॉप फ्लोअरवर बोलवायला खर्च काहीच येत नाही. वापरून बोथट झालेले इन्सर्ट, नापास झालेले जॉब, जुनी ड्रॉइंग संस्थेला दिली तर त्यांच्यावर मुले मापे घ्यायला शिकतात. अभ्यासक्रमातल्या कारखान्यातील कामाच्या त्या १५० तासांसाठी चार मुले घेतली तर पुढच्या वर्षीचा उमेदवार आधीच पारखून झालेला असतो. आणि शिकाऊ उमेदवार घेण्यासाठी तीस कामगार असावेच लागतात, असेही नाही. तीसच्या आत सक्ती नाही, पण चार माणसांच्या युनिटलाही पोर्टलवर नोंदणी करून उमेदवार घेता येतो.